राहून गेलेली सोळा पानं

खळमामांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकं बांधणाऱ्या या माणसाच्या बाह्यांना कायम खळ चिकटलेली असे, म्हणून ते खळमामा. आणि अशा माणसाशी लग्न करण्याचं धाडस केलं म्हणून त्या मामी. बत्तीस वर्षांत मामांनी हजारो पुस्तकं शिवली, पण वाचलं एकही नाही. मिठाईवालाच मिठाई खात बसला तर दुकान कोण चालवणार, असं ते उलट विचारत. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं, आणि आजवर त्यांच्या हातून एकही घडी शिवायची राहिली नव्हती.

मात्र गेली दोन वर्षं तोच हात थरथरत होता. मामांनी हे मामींनाही सांगितलं नव्हतं. चहा हिंदकळू नये म्हणून ते अर्धाच कप मागत आणि कारण म्हणून पित्ताचं नाव घेत. बिचारं पित्त उगाच बदनाम झालं. हात गेला तर धंदा जाईल, आणि धंद्याशिवाय आपण म्हणजे बरणीत वाळलेली खळ, ही भीती ते एकटेच गिळत होते. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त सिस्टर राहायच्या; त्यांच्या खिडकीतून मामांचं दुकान दिसे. हॉस्पिटलात जन्म गेलेला, दर रविवारी चर्चला जाणं कधी न चुकलेलं. त्यांची एक जाडजूड वही शिवणीतून उसवली म्हणून त्यांनी ती मामांकडे आणली.

"जपून बरं का मामा," त्या म्हणाल्या. "हिच्यात माणसं आहेत."

मामांनी वही शिवली, पुठ्ठा चढवला, खळ वाळेपर्यंत दाबाच्या फळीखाली ठेवली आणि पोचती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाबाची फळी उचलली, तर खाली एक घडी निवांत पडलेली. सोळा पानं. थरथरत्या हाताने अखेर दगा दिला होता. मामी डबा घेऊन येताना दिसल्या, तशी त्यांनी घडी सदऱ्यात कोंबली आणि आज भूक नाही म्हणाले. पुन्हा पित्त.

मामींची पाठ वळल्यावर त्यांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच बांधायचा कागद वाचला. ती प्रार्थनेची वही होती. बहुतेकांची नावं सिस्टरना ठाऊक नसावीत. 'जिन्यात शिट्टी वाजवणारा, त्याला नोकरी.' 'दूधवाल्याची मुलगी, परीक्षा.' 'वरच्या मजल्यावरची भांडकुदळ, तिला झोप, आम्हालाही.' मामा हसले. पुढच्या ओळीवर त्यांचं हसू थांबलं. 'खळमामांचा उजवा हात. प्रभू येशू, त्यांनी घरी सांगितलेलं नाही. ते एकटे नाहीत हे त्यांना कळू दे.' तारीख दोन वर्षांपूर्वीची. खाली दर मंगळवारची बारीक खूण, एकही मंगळवार न चुकता.

घडी घेऊन मामा समोर गेले आणि चूक कबूल केली.

"कालच कळलं," सिस्टर म्हणाल्या. "प्रार्थनेला बसले, तर सोळा पानांची माणसं बेपत्ता. एकेकाला आठवत बसले. तुमचा हात तेवढा आठवावा लागला नाही."

"इतके मंगळवार तेच तेच ऐकून तुमचा देव कंटाळत नाही?"

"मी कंटाळते. तो नाही."

मामा खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी प्रार्थना कशी करतात ते विचारलं. मामींशी बोलता तसं बोला, सिस्टर म्हणाल्या, फक्त पित्त मधे आणू नका.

त्याच दुपारी मामांनी मामींना सगळं सांगितलं. मामी भाजी निवडत राहिल्या.

"दोन वर्षं अर्धा कप मागताय. मला काय दिसत नव्हतं? तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते."

या गोष्टीलाही आता चार वर्षं झाली. मामा सिस्टरबरोबर चर्चला जाऊ लागले, पुढच्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे ते बेसूर गातात. शेजारच्या बाकावरचे कौतुकाने सहन करतात. हात बरा झाला नाही. सुई आता मामी ओवतात, बारीक शिलाई त्याच करतात; मामा पानं जुळवतात आणि प्रत्येक घडी दोनदा मोजतात. कामाला बसण्याआधी ते स्वतःची वही उघडतात. तिच्यात पहिलं नाव मामींचं आहे, आणि तिथे मागणं काहीच नाही, नुसते आभार.

आणि चहा ते भरून घेतात. थोडा बशीत सांडतो. मामा बशीतला आधी पितात.