भिंतीवरचे गोल

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. जुन्या ठाण्याचं कुणी भेटलं आणि बायचा विषय निघाला, की मी काहीतरी निमित्त काढून उठत असे. आता डॉक्टर नाहीत, प्रोफेसर नाहीत, ती मिठागरंही राहिली नाहीत. मग कुणाचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसू? माझं? ते व्हायलाच हवं.

बाय कमरेला करवंटी खोचून फिरायची. कड घासून गुळगुळीत केलेली, आतून काळीभोर. तिची सगळी हयात खाडीकाठच्या मिठागरात गेली होती. खाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून मीठ कधी धरेल ते ती सांगायची आणि मुकादम तिचं ऐकायचा. वस्तीतले म्हातारेसुद्धा तिला बायच म्हणत.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. मी नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे लिहिण्याचं काम करत होतो. उन्हाळा आला की खाडीकाठच्या पोरांना हगवण लागायची आणि दोन-तीन दिवसांत पोर हातचं जायचं. एकाच दुखण्यातून एक मूल उठतं आणि दुसरं जातं, ते का, हे शोधायला मुंबईहून एक प्रोफेसर आले. ठरलं असं : औषध डॉक्टरांनी द्यायचं, घरात काय घडलं ते आयांनी सांगायचं आणि मी ते वहीत उतरवून शेवटी प्रोफेसरांकडे पाठवायचं. "मला घरातलं खरं हवं, शोभेचं नको," प्रोफेसर मला म्हणाले होते.

आयांना लिहिता येत नव्हतं. त्यावर तोड बायने काढली. दाराआडच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायच्या. जुलाब झाला की रेघ, करवंटीभर पाजलं की गोल. एखादी आई खुणा करायला विसरली की बाय तिला सगळ्यांदेखत झाडायची. "पोर हगताना दिसला, मंग कोलसा नाय दिसला? डोले हायत का कवऱ्या?" मी दर शुक्रवारी घरोघर जाऊन त्या भिंती वाचायचो. बाय बरोबर यायची. मी मोजलं की ती बोटांवर पुन्हा मोजायची.

ते गोल होते पेजेचे. तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ आणि गुळाचा खडा. मीठ किती? बाय सांगायची, "पोराच्या डोल्यातल्या पान्याहून खारट नको." डॉक्टरांचा हुकूम मात्र उलटा होता. पुडी द्यायची आणि दिवसभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. त्या काळी पुष्कळ डॉक्टर तसंच सांगत. ते माणूस म्हणून वाईट नव्हते.

एकदा ते स्वतः वस्तीवर आले आणि बायच्या हातात पेज बघून चिडले. "बाई, आतड्याला आराम हवा. मी काही उगाच शिकलो नाही."

"शिकलाव ते बरा झाला," बाय म्हणाली. "पन मिठाच्या आगरान पानी सुकवतान, डाक्टर. पोराला नाय सुकवत."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. परत येताना डॉक्टर मला म्हणाले, "या बायका सांगितलेलं पाळत नाहीत असं दिसलं, तर प्रोफेसर हे गाव सोडून दुसरं घेतील. बघ काय ते." खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत. तो शहाणपणा माझा. त्या शुक्रवारपासून मी रेघा तेवढ्या उतरवल्या. गोलांच्या जागी लिहिलं, 'उपास पाळला'. एका घरचं, मग पुढच्या घरचं, मग मागची पानंही नव्याने लिहून काढली.

दसऱ्याआधी वस्तीत भिंती सारवल्या. कोळसा शेणमातीखाली गेला. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, कारण बायने सगळ्यांना सांगितलं होतं, "ऱ्हाव दे, वहीन हाय सगला."

प्रोफेसरांनी वही वाचली. या वस्तीतली बरीच पोरं वाचली होती. कारण वहीत स्पष्टच होतं, पुडी आणि कडक उपास. ठाणे-कल्याणच्या गावांसाठी पत्रक छापलं गेलं. प्रोफेसर ते घेऊन वस्तीवर आले, बायका जमल्या, मी वाचून दाखवलं. बाय उभी राहिली.

"यात माजे गोल कुठं हायत?"

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. "कसले गोल?"

मी म्हणालो, "औषधाचे, सर."

बाय माझ्याकडे बघत राहिली. मग सारवलेल्या भिंतीकडे वळली. तिथे काहीच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शहाडकडे दिलेल्या तिच्या लेकीचा मुलगा आजारी पडला. लेक पेज करायला उठली. जावयाने ते पत्रक पुढे केलं. छापील होतं, ठाण्याच्या डॉक्टरांचं होतं, त्याच्या सासूच्याच गावच्या वहीवरून केलेलं होतं. त्याने चूल पेटू दिली नाही. बायला निरोप मिळून ती पोचेपर्यंत मूल गेलं होतं.

ती दवाखान्यात आली ती पत्रक घेऊनच. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"तू लिवलास ह्या?"

"डॉक्टरांनी..."

"डाक्टर नाय आलता भिंत वाचाला. तू आलतास."

एवढं म्हणून ती गेली. रडली नाही, मला शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने मिठागराची मजुरी बुडवून गावं धरली. पत्रक पोचलं असेल तिथे ती जायची, करवंटी काढायची, पेज ढवळायची, स्वतः चाखायची. डॉक्टरांनी निरोप पाठवला, पोलिसात तक्रार करीन. तिने उलट निरोप पाठवला, "करा. चौकीवर पन पोरा असतीलच." किती मुलं वाचली ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणारा मी होतो, आणि मी कल्याणला दुसरी नोकरी धरून निघून गेलो होतो. प्रोफेसरांना एक पत्र लिहिलं, तेही टाकलं नाही.

काही वर्षांनी मी वस्तीवर गेलो. मनात कबुलीचं एकच वाक्य घोकत गेलो होतो. बायला दिसेनासं झालं होतं. करवंटी उशाशी होती. आवाजावरून तिने मला ओळखलं. "उन्हातून आलास," म्हणाली आणि सुनेला पेज आणायला सांगितली. भिंतीवर ताजे गोल होते, सुनेच्या मुलाचे. तिने करवंटी चाचपून माझ्या हातात दिली.

"चाख. मीठ बेताचा हाय ना?"

मी प्यायलो. ते वाक्य तोंडाशी आलं होतं.

"बेताचं आहे, बाय," मी म्हणालो.