घरची फ्लॉपी घरी

पेणपासून रोह्यापर्यंत आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीतल्या भाऊंइतका संशयी माणूस सापडायचा नाही. देवळात गेले तरी पुजाऱ्याकडे ओळखपत्र मागतील. ते पेणहून एसटीने रोह्याच्या कंपनीत यायचे आणि मी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून झाडलोटीला जायचे. कॉम्प्युटर तेव्हा नवे होते. बाहेरच्या फ्लॉपीतून त्यांना रोग लागतो म्हणून साहेबांनी नियम करायला सांगितले, तर भाऊंनी स्वतःच्या अक्षरात अकरा नियम लिहून दारावर चिकटवले. घरची फ्लॉपी आणायची नाही, आणली तर खोलीची किल्ली जाणार, रोगट निघाली तर मोडून टाकणार. ते डबेसुद्धा उघडून बघायचे. मुंबईचे मोठे साहेब फ्लॉपीवर पत्त्यांचा खेळ घेऊन आले, तर भाऊ दारात आडवे. "साहेब, चप्पल आणि फ्लॉपी बाहेर." पासवर्ड टाकताना हातावर रुमाल धरायचे, तोही माझ्यासमोर! मी म्हटलं, "भाऊ, मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाय." "व्हय गो बाय, पण डोळे हायत ना!"

एका संध्याकाळी त्यांनीच मला हाक मारली. पेणला क्लासात त्यांच्या मुलीने कॉम्प्युटरवर पहिलं चित्र काढलं होतं. ते बघायला त्यांनी तिची फ्लॉपी आणली होती, खिशात लपवून. बघून, मला दाखवून इतके हरखले की ती आतच विसरून घरी गेले. सकाळी मशीन सुरू केलं आणि सगळं बिघडलं. महिन्याभराचं काम गेलं.

साहेबांनी टायपिस्ट मुलीला धरलं. तिच्या पर्समध्ये आधी एकदा फ्लॉपी सापडली होती. ती रडायला लागली. मला खरं माहीत होतं, पण मी खाली बघून झाडत राहिले. भाऊ पुढे झाले. "तिची नाय साहेब, माझी." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर फ्लॉपी कडकन मोडली.

"भाऊ, एवढं तरी ठेवायचं होतंत," मी नंतर म्हटलं. "पोरीकडे दुसरी हाय?"

"नाय गो. एकच होती."

मग त्यांना गोदामात टाकलं, आणि वर्षभरात त्यांनी कंपनी सोडली. घरी काय सांगितलं, मी विचारलं नाही. चित्रात एक मिशीवाला माणूस दारात उभा होता, हात एवढे लांब की पडद्याच्या दोन्ही कडांना टेकलेले. खाली वाकडंतिकडं 'माझे बाबा'. कंपनीत ते भाऊंखेरीज मी एकटीनेच पाहिलंय, म्हणून लिहून ठेवते. मिशी हिरवी होती.