मागच्या खाटेवरची बाई

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात प्रेशर चढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरलं नाही तर मूल आत्ताच काढावं लागेल. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर म्हणजे आता मी एकटा. म्हणून कोथरूडच्या दवाखान्यात डबा घेऊन मीच बसायचो.

तिथं सगळ्यांना डाव्या कुशीवर निजायचा हुकूम. मी मुलीच्या तोंडासमोर खिडकीशी बसायचो, त्यामुळे तिच्या मागच्या खाटेवरची बाई दिवसभर मलाच बघायची. खराडीला कॉम्प्युटरवर कामाला होती, आजार तोच. नाव मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फोनवर ऑफिसातल्यांना झापायची आणि मधल्या वेळात मला.

"काका, डब्यात लोणचं आहे. वास येतोय."

"डोहाळे आहेत हो तिला."

"मीठ बंद केलंय ना? डोहाळे हिचे आणि भोगायचं बाळानं? झाका डबा."

झाकला. मग मुलीला तिच्या आईच्या आठवणी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता डोळे पुसायला. मुलीच्या पाठीमागून आवाज आला, "काका, रडायचं तर जिन्यात जाऊन रडा. इथं रडलात की हिचं प्रेशर वाढतं, आणि ऐकून माझंही."

दुपारभर तोंड मिटून बसलो. संध्याकाळी सिस्टरनं दंडाला पट्टा बांधून बघितलं. गोळ्यांनी म्हणा नाहीतर शांततेनं, प्रेशर उतरलं होतं.

"बघा," बाई म्हणाली, "जमतं की गप्प बसायला."

बायको गेल्यापासून मला गप्प बसा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. फार बरं वाटलं.