बोलायची चोरी

माहेरी मला सगळे टकळी म्हणायचे. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळाली तेव्हा वडील म्हणाले होते, "बडबडीचं बी बक्षीस मिळतंय व्हय?" असं तोंड घेऊन मी सेनगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून आले. तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं की सुनेचा आवाज सासऱ्यांच्या कानावर पडता कामा नये. शेजारच्या सुना सासऱ्याला खुशाल मोबाईलचा रिचार्ज मारायला सांगत होत्या. आमच्याकडे मात्र डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप.

सुरुवातीला त्याचं एवढं काही वाटलं नाही. सासरे तांबडं फुटायच्या आधी शेतात जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर घर माझं. भांड्यांशी, शेळीशी, पोटातल्या बाळाशी मी मनसोक्त बोलायचे. पण लेक रांगायलाही लागली नव्हती तेव्हा सासरे बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. त्यांची बाज पुढच्या खोलीत पडली ती पडलीच. घर दोन खोल्यांचं, मधे दार नाही, नुसती चौकट. सासूबाई शेतावर. नवरा वारंगा फाट्यावर गॅरेजात, तो आठवड्याने यायचा. म्हणजे दिवसभर घरात तिघं: बाजेवर सासरे, चौकटीच्या आत मी, आणि दोन्हीकडे फिरणारी लेक.

सासऱ्यांना जेवण तयार आहे हे सांगायचं तर मी चौकटीवर पळीने टकटक करायचे. चहा ठेवला की बांगड्या वाजवायच्या. त्यांना काही हवं असलं की ते छताकडे बघून म्हणायचे, "पाणी पाहिजे व्हतं." लेकीला मांडीवर घेतलं तरी तिच्या कानाशी कुजबुजायचं, अंगाईसुद्धा ओठांतल्या ओठांत. ती खदखदून हसली तरी मी आधी बाजेकडे बघायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. कधीकधी वाटायचं, मागच्या दाराने निघावं आणि ज्वारीत उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडावं. पण लेकीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? मी चपात्या लाटत राहायचे.

लेक दोन वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द नाही. गावात तिच्या मागून जन्मलेली लेकरं दादा, काका करायला लागली. सासूबाई घाबरल्या. जिभेला वेखंड लावून झालं. मग त्यांनी शेतातून पोपटाने टोचलेला पेरू आणला. पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणे. लेकीने तो मिटक्या मारत खाल्ला आणि अजून हवा म्हणून हात पुढे केला. मला वाटलं, पोपटाचं बरं आहे, त्याला सासरा नाही.

सासरेही झुरत होते, खोटं कशाला सांगू. माणूस जात्याच अबोल, पण रोज तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "बोल की गं माय. काहून बोलून न्हाई राहिली?" त्यांचा जीव होता तिच्यावर. मला त्यांचा राग यायचा तो त्या वेळीच सगळ्यात जास्त.

शेवटी हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. "घरात बोलता ना तिच्याशी?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "बोलतोत की सगळे." मी खाली बघितलं. डॉक्टर म्हणाले, "आईनं दिवसभर बोलायचं, मोठ्यानं. भाजी चिरताना, अंघोळ घालताना, जे चाललंय ते सांगत राहायचं. आता वेळ घालवू नका." येताना एसटीत मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, मग मी बोलू का त्यांच्यासमोर?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांला हिंडाफिरायला येईस्तोवर थांब." आता ते काही हिंडणार नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला तहान लागली. ती रडली नाही, माझा पदर ओढला नाही. वाटी घेऊन चौकटीपाशी गेली आणि टकटक केलं. मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

पोरगी मुकी नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बोलायला शिकायच्या आधीच माझी लेक सून झाली होती.

"पाणी पाहिजे?" मी मोठ्याने म्हणाले. पुढच्या खोलीत बाज करकरली. मी थांबले नाही. "हा बघ माठ. हा तांब्या. गार पाणी हाय, ये, देते तुला." आवाज फाटत होता, माझा मलाच ओळखू येत नव्हता. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं मला चौकटीतून दिसलं. लेक घाबरली. वाटी टाकून ती धावत माझ्या कडेवर आली, एकदा बाजेकडे बघितलं, माझ्या तोंडावर तळहात ठेवला आणि अगदी स्पष्ट कुजबुजली, "गप."

दिवसभर मी तिच्या कानाशी दुसरं काय म्हणत होते?

वाटीच्या आवाजाने सासरे वळले होते. तिचे ओठ हललेले त्यांनी बघितले. "बोललं! लेकरू बोललं!" ते कोपरावर उठू बघत होते. आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय म्हणली गं?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. "गप म्हणली," मी सांगितलं. ते सावकाश आडवे झाले.

संध्याकाळी सासूबाई शेजारच्या काकूंबरोबर शेतातून आल्या. सासरे म्हणाले, "आज लेकरू बोललं." सासूबाईंच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "काय बोललं?"

सासरे छताकडे बघत म्हणाले, "आई म्हणलं."

सासूबाई रडायलाच लागल्या. साखरेचा डबा निघाला. काकूंच्या हातावर साखर, लेकीच्या तोंडात साखर. मग आत येऊन त्यांनी चिमूटभर माझ्याही तोंडात घातली. "सुटलीस गं बाई," त्या म्हणाल्या.

त्या घरात मी पुष्कळ गिळलं होतं. ही साखर मात्र गिळवेना. लेकीच्या तोंडून निघालेला पहिला शब्दही हे लोक त्यांच्या सोयीचा करून घेणार होते, आणि मी आत उभी राहून तो गोड मानून घ्यायचा होता. मी लेकीला कडेवर घेतलं आणि चौकट ओलांडून बाजेसमोर आले.

"आई न्हाई म्हणली, आत्या. गप म्हणली. माझ्याकडून शिकली."

काकूंनी हातातली साखर तशीच धरली. सासऱ्यांनी डोळे मिटले. कडेवरून लेकीचा हात पुन्हा माझ्या तोंडाकडे आला. मी तो हातात धरला आणि बोलत राहिले.