पालकाचं पान

भाजीवर फवारलेल्या औषधाचा अंश जागच्या जागी ओळखणारं छोटं यंत्र पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा ते धुळ्यातल्या देवपूरच्या बाजारातल्या एका पालकवालीला दाखवावंसं फार वाटलं. पण तिला शेवटचं बघून वीस वर्षं झाली होती.

नव्वदच्या सुमारास मी धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. फवारलेली काकडी खाऊन तिची नात गेली होती. तेव्हापासून ती प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान आधी स्वतः चावून बघायची.

मी एकदा म्हणालो, “अक्का, असं विष चाखू नका. आमच्याकडे आणा, आठ दिवसांत तपासून देतो.”

“आठ दिनमा तं लोके खाई टाकतीन, भाऊ. आठेच, या बाजारमा चाली असं यंत्र नही शे का?”

“अजून नाही. निघेल कधीतरी.”

तिनं पुढच्या गठ्ठ्यातलं पान तोंडात टाकलं.

“मंग यंत्र निंघी तवलोंग मी शे ना.”