दादाच्या कोपऱ्यातला स्टोव्ह

लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन झाले. आई सही करते, तीही थांबत थांबत. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. एवढ्यावर आपण लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांना लिहिता येतं त्यांनी माझी चूक पोटात घालावी. पण ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला नीट सांगितलेली नाही, आणि न सांगता राहवत नाही, म्हणून धीर करतो आहे.

आम्ही चारकोपला नवीन राहायला आलो होतो. एकच खोली, दहा बाय पंधराची. दार पश्चिमेला, गल्लीत उघडणारं. आत शिरल्यावर समोर डावीकडे मोरी आणि नळ, समोर उजवीकडे स्टोव्ह. सिमेंटचा ओटा अजून घातला नव्हता, म्हणून कडप्प्याच्या दोन तुकड्यांवर स्टोव्ह मांडलेला. दाराच्या उजव्या हाताला कपाट आणि गाद्यांची चवड, डाव्या हाताला रिकामी जागा, तिथे आम्ही चपला काढायचो. हे सगळं इतकं बारकाईनं सांगतो, कारण पुढचं सगळं या चार कोपऱ्यांतच घडलं.

माझा मोठा भाऊ तेलाच्या जहाजावर इंजिनरूममध्ये होता. घर त्याच्या पगारावर चालायचं, माझं कॉलेजसुद्धा. लग्नानंतर पहिल्यांदाच तो रजेवर आला होता. परत जायच्या आदल्या दिवशी त्यानं बॅगेतून एक पातळसं इंग्रजी पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

"घे रे कॉलेजवाल्या. सिंगापूरला घेतलं. घर कसं लावायचं त्याचं चिनी शास्त्र आहे, फेंगशुई म्हणतात. आमचा चिनी स्वयंपाकी त्याच्याशिवाय बोलत नाही."

"तू वाचलंस?"

"चित्रं बघितली." तो हसला. "तो म्हणतो, घरात वस्तू चुकीच्या जागी असली की दर्यावरच्या माणसाला भोवतं. म्हटलं, आपल्याकडे शिकलेला माणूस आहे, तो बघेल."

वहिनी भाकऱ्या करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एक खोली, त्यात काय लावायचं आणि काय हलवायचं?" दादा म्हणाला, "तू गप गं. तो बघेल म्हटलं ना."

तो बघेल. हे वाक्य मी फार मनावर घेतलं. आमच्या घरात मला तोवर कुणी काही बघायला सांगितलं नव्हतं.

दादा गेल्यावर मी शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तक वाचायला बसलो. बरंचसं कळत नव्हतं. पण मध्यभागी एक चौकोन होता, नऊ घरांचा, आणि प्रत्येक घरात लिहिलेलं होतं की घरातला तो भाग कशाचा. कडेला दिशा होत्या, पण चिनी अक्षरांत. त्याची मला अडचण वाटली नाही. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे चौथीपासून पाठ होतं. खालचं उजवं घर होतं प्रवासाचं आणि मदतीला येणाऱ्या माणसांचं. त्याखाली बारीक अक्षरांत ताकीद होती: या कोपऱ्यात विस्तव कधीही नसावा, नाहीतर घराच्या पोशिंद्यावर संकट येतं.

वर उत्तर, तर खाली उजवीकडे आग्नेय. मी मान वर करून बघितलं. त्या कोपऱ्यात आमचा स्टोव्ह भरभरत होता.

घराचा पोशिंदा म्हणजे दादा, आणि तो पाण्यावर, त्यातही तेलाच्या जहाजावर. मी त्याच दुपारी आईला म्हटलं, स्टोव्ह हलवायचा.

आई म्हणाली, "आग्नेयेक चूल आसता रे. ता काय कोणी पुस्तकात बघून ठरवला नाय. अग्नीची दिशा ती."

"आई, हे छापलेलं आहे."

आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी हेच म्हणालो. आई थोडा वेळ पुस्तकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलंस, तुका जास्त कळता. ठेव खय ठेवतंस तो."

एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात कपाट. उरला दाराशेजारचा, चपलांचा. तिथे कडप्पे नेऊन मांडले. आणि आग्नेयेचा कोपरा धुऊन पुसून तिथे दादाची पत्र्याची पेटी ठेवली, वर त्याचा जहाजाच्या कपड्यांतला फोटो. मला फार समाधान वाटलं.

वहिनीला त्रास झाला. "भावोजी, दारात वारा येतो. ज्योत टिकत नाही. दोनदा पिन मारली तरी भुरभुरतोय."

"दादासाठी आहे, वहिनी."

तिनं पिन खाली ठेवली. मग म्हणाली, "मग राहू दे." त्या दिवसापासून ती स्टोव्हला पाठीचा आडोसा करून बसायला लागली. शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, "काय गं, दारात हॉटेल काढलंत का? मग एक कटिंग दे की!" वहिनी हसायची, पण कारण कुणाला सांगायची नाही. नवऱ्यासाठी केलेली गोष्ट बोलून दाखवली की तिचं फळ जातं, असं ती मानायची.

दादाची पत्रं पंधरा दिवसांनी यायची. चार आली. चौथ्यात लिहिलं होतं की आता आखातात माल भरायला जाणार, तिकडे लढाई चालू आहे, पण काळजी करू नका, आमची फेरी छोटी आहे. पाचवं आलं नाही.

पहिले पंधरा दिवस आम्ही पोस्टाला नावं ठेवली. पुढचे पंधरा दिवस तेही सोडलं. मग एका सकाळी पेपरात चार ओळी आल्या, आखातात एका तेलवाहू जहाजाला आग. जहाजाचं नाव नव्हतं. मी पेपर घडी घालून गादीखाली सरकवत होतो, तोच बाबांनी हात पुढे केला. त्यांनी त्या ओळी बोट ठेवून वाचल्या.

"नाव नाय," ते म्हणाले. "नाव नाय म्हणजे ता आपला नाय."

पण दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर न जाता मला घेऊन फोर्टात गेले. जहाजाच्या कंपनीची कचेरी तिथे होती. खिडकीमागे एक मराठी कारकून होता. बाबांनी दादाचं नाव सांगितलं तेव्हा त्याने वहीत बघितल्यासारखं केलं.

"खबर आली की कळवू."

"जहाज खय आसा, एवढा तरी..."

"काका, मलाच माहीत नाही तर तुम्हाला काय सांगू? पुढच्या शनिवारी या."

आम्ही पुढच्या शनिवारी गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो. तिसऱ्या वेळी बाबा खिडकीपर्यंत आलेच नाहीत. जिन्यात टोपी हातात धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तूच विचार. तुका इंग्रजी येता." इंग्रजीत विचारण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या दिवसांतली भीती मला नीट सांगता येत नाही. ती एका जागी नव्हती. पोस्टमन गल्लीत शिरला की ती दारात असायची, पुढे निघून गेला की दादाच्या पेटीपाशी. घरात सगळे एकमेकांशी जपून बोलायचे. वहिनी पानात वाढून घ्यायची आणि चिमणीएवढं खाऊन ताट बाजूला सारायची. मला मात्र एक आधार होता. मी सगळं शास्त्राप्रमाणे लावलेलं आहे, असं मी स्वतःला सांगायचो. कोपऱ्यातल्या फोटोकडे बघून रोज सांगायचो.

मग वाटलं, पुस्तकात याहून काही जास्तीचा उपाय असेल. कॉलेज पार्ल्याला होतं. तास बुडवून मी लायब्ररीत बसलो. तिथे मोठा शब्दकोश होता. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं ठरवलं. मी प्रस्तावना कधी वाचत नसे. शाळेत प्रस्तावना परीक्षेला नसायची, आमचे मास्तर सरळ धडा पहिला उघडायला लावायचे. या पुस्तकाची प्रस्तावनाही मी तशीच उलटून पुढे गेलो होतो.

तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की चिनी रीतीप्रमाणे या पुस्तकातल्या सर्व आकृत्यांमध्ये दक्षिण वर दाखवली आहे.

मी ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं. शब्दकोशात बघण्यासारखा एकही शब्द त्यात नव्हता. मग वहीच्या मागच्या पानावर आमची खोली काढली आणि आकृती फिरवून तिच्यावर धरली. प्रवासाचं, मदतीचं घर वायव्येला येत होतं. दाराशेजारी, जिथे आधी नुसत्या चपला होत्या. जिथे विस्तव कधीही नसावा, तिथे मी स्वतःच्या हातांनी विस्तव नेऊन ठेवला होता.

बाहेर मुलं कँटीनकडे चालली होती, हवेत जवळच्या बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास होता. पेपरातल्या चार ओळी डोळ्यांसमोर आल्या. मी सायन्सचा विद्यार्थी आहे, एका खोलीतल्या स्टोव्हमुळे आखातातलं जहाज पेटत नाही, हे मला माहीत होतं. मी ते स्वतःला समजावलंही. तरी पुढचा तास सोडून मी सरळ स्टेशन गाठलं.

घरी आलो तेव्हा आई देवळात गेली होती, आणि बाबा ड्यूटीवर. वहिनी एकटी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी चपला काढल्या आणि काही न बोलता स्टोव्ह उचलला. त्यातलं रॉकेल हिंदकळून माझ्या पँटवर सांडलं.

"अहो भावोजी! काय करताय?"

"हा इथे नको."

"का? तुम्हीच तर ठेवलात."

खोटं सांगावं असं वाटलं, वाऱ्याचं कारण तयारच होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगून टाकलं. आकृती, दिशा, न वाचलेली प्रस्तावना, सगळं. सांगता सांगता रडायला लागलो. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं,

"कधीपासून आहे तो इथे?"

"दादा गेला त्या आठवड्यापासून."

तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला. "म्हणजे चार महिने मी रोज दोन वेळा ह्यांच्या डोक्यावर स्टोव्ह पेटवत होते?"

"वहिनी, तसं नसतं. ते शास्त्र-बिस्त्र काही खरं नसतं."

"मग तुम्ही रडताय कशाला?"

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "धरा त्या बाजूनं." आम्ही दोघांनी कडप्पे उचलून जुन्या जागी नेले. दादाच्या पेटीला तिनं मला हात लावू दिला नाही. एकटीनं ओढत दाराशेजारी आणली, पदरानं पुसली, फोटो सरळ केला. मग जिथे स्टोव्ह होता तिथल्या फरशीवरचा काजळीचा डाग घासायला बसली. घासून घासून फरशीचा रंग गेला तरी ती उठेना.

आई आली तेव्हा स्टोव्ह आग्नेयेला पेटलेला होता. तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"वारा येता म्हणान हलवलो?"

"हो," वहिनी म्हणाली.

हातातला अंगारा आईनं आधी फोटोला लावला, मग मला. माझ्या कपाळावर तिचं बोट नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकलं. तिला कळलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस आधीच्यांपेक्षा वाईट गेले. आता माझ्याकडे तो आधारही राहिला नव्हता. वहिनी माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण माझ्या डोळ्यांकडे बघायची नाही. मी मनात हिशोब मांडत बसायचो, पेपरातली ती आग कुठल्या दिवशीची, आणि त्या दिवशी आमच्याकडे स्टोव्हवर काय शिजत होतं. आठवायचं नाही असं ठरवलं की नेमकं आठवायचं. कुळथाची पिठी होती.

शनिवारी मी एकटाच फोर्टात गेलो. बाबांना ताप होता. खिडकीशी उभा राहिलो तर कारकुनानं मला बघताच पेन खाली ठेवलं. तोवर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"चारकोपचा ना तू? घरी तार टाकायला मघाशीच माणूस पाठवला. आत ये, आत ये. बस त्या स्टुलावर."

"मी उभाच ठीक आहे."

"अरे बस रे बाबा, पडशील." त्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. समोरचा कागद उचलला, आणि त्यात बघतच एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. "आग लागली ते जहाज तुमचंच होतं. भाऊ जिवंत आहे. दुबईला इस्पितळात आहे. दोन्ही हात भाजलेत. उजव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात विमानानं पाठवतायत."