वेंगैमामांचे समास

माझे मामा रस्त्याच्या मधोमध थांबायचे. कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ, भर गर्दीत, मागून रिक्षावाले बोंबलत असताना हा गृहस्थ मान तिरकी करून उभा. एखाद्या बसने करकचून ब्रेक लावलेला असायचा आणि तो आवाज कशासारखा आहे हे ठरवल्याशिवाय मामांना पुढचं पाऊल टाकता येत नसे. "इन्नंबूरच्या विहिरीचा रहाट," ते शेवटी म्हणायचे, "पण तेल न घाललेला." मग चालू लागायचे. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचेच मामा असे असतात. थोडी मोठी झाल्यावर कळलं की आपलेच तेवढे असे आहेत, आणि मी त्यांच्या चार पावलं पुढे चालायला लागले.

त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. सगळे वेंगैमामाच म्हणत. वेंगैयन हा एका तमिळ दैनिकात रोज तीन चौकटींत येणारा रानातला वीर. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड, गव्यावर स्वारी, खांद्यावर धनेश पक्षी, आणि लाकूडचोरांशी जन्माचं वैर. त्याची चित्रकथा वीसेक वर्षं चालली आणि मामांनी तिचा एकही दिवस चुकवला नाही. रोज सकाळी पट्टी कापायची, वहीच्या पानावर खळीने चिकटवायची, खाली चार बोटं समास सोडायचा. अशा अकरा जाडजूड वह्या झाल्या. पोटासाठी ते भांड्यांच्या दुकानात पितळेच्या भांड्यांवर नावं घालायचे. लग्नात दिलेल्या तांब्याच्या काठावर छिन्नीच्या ठिपक्या-ठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव, गाव, मुहूर्ताचा दिवस असं सगळं नखाएवढ्या जागेत बसवायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच बारीक अक्षरात ते समासातही लिहीत.

समासात काय लिहीत, ते सांगायचं तर आधी माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही तिला अम्मा म्हणतो. मामांची ती धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. बोलणं राहिलं, ऐकणं गेलं. शाळा सुटली. घरात पेपर येई. मामा तिला रोज वेंगैयनची चित्रं दाखवत. एकदा चौकटीत झाड कोसळत होतं आणि शेजारी मोठ्या ठसठशीत तमिळ अक्षरांत 'डमाल' लिहिलेलं होतं. अम्माने त्यावर बोट ठेवून विचारलं, "अण्णा, हा आवाज कैसा?"

मामांनी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, "आजीच्या हातून पितळेचें तपेलें पडलें, तूं भिऊन रडलीस, तैसा." अम्माला आवाज आठवला. ती हसली. तिथून मामांची सुटका नव्हती.

कारण अम्माजवळ नऊच वर्षांचे आवाज होते. त्यापलीकडचा एकही आवाज वापरून उपयोग नव्हता. वाघाची डरकाळी, दरड कोसळणं, बंदुकीचा बार, सगळं त्या नऊ वर्षांत शोधायला लागायचं. वेंगैयनची रानभर घुमणारी आरोळी त्यांनी लिहिली ती अशी: "साक्कोट्टैच्या देवळांत शंख वाजवतात आणि वाजवणाराचा दम मध्येंच तुटतो, तैसी." एकदा गोष्टीत हेलिकॉप्टर आलं. अम्माने ते कधी ऐकलेलं नव्हतं. मामा तीन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी समासात उमटलं, "कावेरीच्या घाटावर दहा वण्णान एका दमांत कपडे आपटतात." वण्णान म्हणजे धोबी. बसस्टँडवर थांबण्याचं कारण हे होतं. मला ते फार उशिरा समजलं.

आमचं घराणं तंजावरच्या दरबारात कारकुनी करायला आलेल्यांपैकी. दरबार गेला, मराठी राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मात्र देवनागरी आम्हाला शाळेत कोणी शिकवली नाही, म्हणून मराठी लिहायची वेळ आली की आम्ही ती तमिळ अक्षरांत लिहितो. चिठ्ठ्या, लग्नाच्या याद्या, सगळं तसंच. तमिळ माणसाने ते वाचलं तर त्याला अक्षर न् अक्षर वाचता येतं आणि एक शब्द कळत नाही. मराठी माणसाला तर ते दिसतंच तमिळ. आवाजांबरोबर वेंगैयनचं तमिळ बोलणंही मामा समासात आमच्या मराठीत उतरवत. अकरा वह्यांचे समास असे, आमच्या घराबाहेर कोणालाच न कळणाऱ्या मराठीने भरलेले होते.

पुढे वेंगैयन रेडिओवर आला. दर रविवारी दुपारी मामा रेडिओला कान लावून बसत आणि अम्मा त्यांच्या पेन्सिलीला डोळे लावून. मग सिनेमा आला. मामांनी तो आधी तीनदा एकट्याने पाहिला, सगळं वहीत उतरवलं, अम्माला ते वाचायला दिलं, आणि चौथ्या खेपेला तिला घेऊन गेले. सिनेमातला वेंगैयन गव्यावरून उतरून सारखा गात होता. वहीत पानोपानी एकच शेरा होता, "येथ गाणें. तुला ऐकूं येत नाहीं तें बरें." टीव्हीवर मालिका आली तेव्हा मी शाळेत होते. पडद्याशेजारी स्टूल टाकून, मांडीवर पाटी घेऊन मामा लिहीत बसायचे आणि माझ्या मैत्रिणी त्यांच्याकडे बघून खुदुखुदु हसायच्या. मीही हसायची. ते माझ्याकडे बघून डोळा मारायचे. त्यांना वाटे, मी त्यांच्या बाजूने हसतेय.

शिकून मी पुण्याला गेले. जुन्या चित्रकथा नव्याने छापणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात एका कामाला मी सहज म्हणून गेले, "मला होणा." आमच्याकडे याचा अर्थ मला जमणार नाही. टेबलावरचे सगळे खो खो हसले. प्रेमानेच हसले, खोटं कशाला बोलू. एकजण म्हणाला, "अगं, तू बखरीतून उठून आलीस की काय?" त्या दिवशी मी ठरवलं की हे शेवटचं. वर्षभरात माझी मराठी अशी काही घोटून गुळगुळीत केली की मी मूळची सदाशिव पेठेतली वाटावी. मामांचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायची. फोन ठेवून परत येताना पायऱ्यांवरच बोली बदलायची.

अशात वेंगैयनवर वेबसीरिज निघाली आणि आमच्या कंपनीला त्याच्या मूळ पट्ट्यांचा ग्रंथ काढायचा होता. त्या दैनिकाचे जुने अंक कुठेच धड मिळेनात. मी मीटिंगमध्ये तोऱ्यात म्हणाले, "माझ्या मामांकडे अख्खा संच आहे." आयुष्यात पहिल्यांदा मला मामांचा अभिमान वाटला, आणि तोही असा, कामापुरता. मी कुंभकोणमला जाऊन वह्या मागितल्या. त्या अम्माच्या कपाटात असायच्या. रोज दुपारी ती त्यातली एक काढून वाचत बसायची, या वयातही. मामांनी अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "नेऊं दे. आपल्या पोरीचें काम." मामांनी वह्या धोतराच्या जुन्या पानात बांधून दिल्या आणि मला एवढंच म्हणाले, "पोरी, संभाळून वो. तुझे अम्माचे कान आहेत तेथ."

पुण्यात स्कॅन करणाऱ्या मुलाने वह्या उलटसुलट करून पाहिल्या. पानं मोठी होती, कडा दुमडल्या होत्या. शिवण सोडवून, पट्टीच्या बाहेरचा कागद कापून टाकला तर काम दोन दिवसांत होईल, असं त्याचं म्हणणं. आमच्या संपादकबाई तिथेच होत्या. त्यांनी समासावर बोट ठेवून मला विचारलं, "हे काय लिहिलंय गं? तमिळ आहे ना? महत्त्वाचं आहे का?"

सांगायला किती वेळ लागला असता? हे मराठी आहे, एवढं एक वाक्य. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, वाच बघू. आणि मग मला त्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचावं लागलं असतं, 'तपेलें पडलें, तैसा'. सगळे पुन्हा हसले असते. मी म्हणाले, "छे, काही नाही. मामांना सवय आहे काहीबाही खरडायची."

कटर चालू झाला. मी तिथेच उभी होते. बारीक अक्षरांच्या चिंध्या कात्रीतून गळणाऱ्या कापडासारख्या खाली पडत होत्या. एक माझ्या ओढणीला चिकटली. ती काढताना नजर गेलीच: "रेलगाडी सुंदरपेरुमाळ कोयिलला थांबत नाहीं, नुसती शिटी देऊन जाते, तैसा." वेंगैयनचा धनेश पहिल्यांदा ओरडतो तिथली ती ओळ. मी ती चिंधी इतरांबरोबर टोपलीत टाकली. ही माझ्या हाताने केलेली गोष्ट आहे. यंत्राने केलेली नाही.

ग्रंथ देखणा झाला. पांढरेशुभ्र समास, आणि शेवटच्या पानावर मामांचं नाव, संग्राहक म्हणून. तो ग्रंथ आणि समास कापलेल्या चित्रपट्ट्यांचं बोचकं घेऊन मी गावी गेले. मामांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि बोचकं सोडलं. पहिली पट्टी हातात घेऊन तिच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, भांड्यावर नाव घालण्याआधी काठ चाचपावा तसा.

"कापलें तेव्हां तूं तेथ होतीस काय?"

"नाही मामा," मी म्हणाले. "मी रजेवर होते."

"मग सोड," ते म्हणाले. "तूं असतीस तर कापूं दिलें नसतेंस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी बाजूला करायला हवा होता. मी मान खाली घालून तो ठेवून घेतला.

त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं. यंत्रानें कापलें, माझी भाची तेथ नव्हती, असती तर आंगावर गेली असती त्यांच्या. माझ्या खोट्याची त्यांनी गावभर राखण केली. अम्माला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर ती रिकाम्या हातांनी कपाटासमोर बसली होती.

मामांनी पुन्हा लिहायचं ठरवलं. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, पेन्सिली टोकदार केल्या. पण अक्षर पूर्वीसारखं बारीक येईना, आणि तेवढंच असतं तर चाललं असतं. मला फोनवर म्हणाले, "पोरी, ते अस्के आवाज आतां मलाच ऐकूं येत नाहींत." अस्के म्हणजे सगळे. वेबसीरिजचे पहिले दोन भाग त्यांनी पाहिले. त्यातला दाढीवाला, पिळदार वेंगैयन पाहून म्हणाले, "हा रानांत राहतो काय जिमांत?" शेवटचं ऐकलेलं त्यांचं हसणं ते. मी तेव्हाही जिन्यातच उभी होते.

मामा गेले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि मी अम्मासमोर पाटी घेऊन बसले. कित्येक वर्षांनी तमिळ अक्षरांत मराठी लिहीत होते. अक्षरं वाकडी येत होती. मी लिहिलं, "अम्मा, कापलें तेव्हां मी तेथ होत्यें. मला विचारलें. कांहीं नाहीं म्हणून मीच सांगट्लें."

तिने ते दोनदा वाचलं. रडली नाही, ओरडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. उठून आत गेली आणि बोचकं, खळीची वाटी, मामांनी कापून ठेवलेल्या कोऱ्या पट्ट्या असं सगळं माझ्यापुढे आणून ठेवलं. वर पेन्सिल आणि खोडरबर.

"लिही," ती म्हणाली. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्याने ती नेहमीच जरा मोठ्याने बोलते. त्या दिवशी ते फार मोठ्याने आलं.

धनेश ओरडतो ती चौकट मी आधी शोधली. सुंदरपेरुमाळ कोयिलची शिटी, शब्द न शब्द. अम्माने वाचलं आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरून एक गाडी न थांबता निघून गेली, मला दिसली. मग तिने डोळे उघडून पुढच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे वेंगैयन नदीकाठी उभा राहून चोरांना काहीतरी बजावत होता. मामांनी खाली काय लिहिलं होतं ते मला आठवेना. मी कधी नीट वाचलंच नव्हतं. मी मला येतं तसं, स्वच्छ, शुद्ध, पुण्यातलं एक वाक्य लिहिलं.

अम्माने वाचलं आणि मान हलवली. "वेंगैयन ऐसें बोलत नाहीं," ती म्हणाली, आणि खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

मी खोडलं. पुन्हा लिहिलं. तिने पुन्हा खोडरबर सरकवलं.